कोकणच्या किनाऱ्यावरून सूर्याचे आणि आकाशाचे फोटो: कॅमेऱ्याआधी पंचांग काढा

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता, भाट्याच्या पुळणीवर उभं राहून त्याने फोनवर चाळीसेक फोटो काढले आणि रात्री जेवताना मला म्हणाला, "मामा, डोळ्यांना चांगला लालबुंद गोळा दिसत होता, मग फोटोत त्याच्या जागी पांढरं भोक का पडलंय?" हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा बसून सगळं सविस्तर लिहूनच काढू. मी रत्नागिरीत राहतो, नोकरी सांभाळून बारा-तेरा वर्षं सूर्याचे आणि आकाशाचे फोटो काढतोय, आधी साधा डिजिटल कॅमेरा होता, आता एक जुना डीएसएलआर, एक ७०-३०० ची झूम लेन्स आणि फोन, एवढंच सामान आहे. आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, ती म्हणजे आपल्या किनाऱ्यावर चांगला फोटो मिळणार की नाही हे निम्मंअधिक घरातून निघायच्या आधीच ठरलेलं असतं. तिथी कुठली, महिना कुठला, वारा कुठला. कॅमेरा त्यानंतर.

पण सगळ्यात आधी डोळे.

डोळे आणि सेन्सर

सूर्य वर असताना त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण कॅमेऱ्याच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या भोकातून, बघणं त्याहून वाईट असतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. डीएसएलआरच्या भोकातून तुम्ही थेट लेन्समधूनच बघत असता, म्हणजे लहानपणी भिंगाने कागद जाळायचो ना, तसं भिंग तुम्ही स्वतःच्या डोळ्यासमोर धरलेलं असतं, आणि डोळ्याच्या पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते त्यामुळे जळतंय हे कळतही नाही. म्हणून नियम साधा ठेवा: सूर्य फ्रेममध्ये असेल तर कायम मागच्या स्क्रीनवर बघायचं. झूम लेन्स लावून सूर्यावर रोखून ठेवायची नाही, फोटो झाला की लेन्सवर टोपी. मिररलेस कॅमेऱ्यात (यात आरसा नसतो, भोकातही छोटी स्क्रीनच असते) डोळा वाचतो, पण सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी पट्टी, आणि शटरचा पडदा भाजू शकतो.

एक्सरे फिल्म, काजळी धरलेली काच, दोन-तीन गॉगल एकावर एक, जुन्या फ्लॉपीच्या आतली चकती, यातलं काहीही चालत नाही. दिसायला काळं असलं तरी त्यातून इन्फ्रारेड निसटतो. फोटोग्राफीवाले वापरतात तो हजारपट अंधार करणारा एनडी फिल्टरसुद्धा भर दुपारच्या सूर्याला डोळा लावून बघण्यासाठी नाही.

आता कामाला लागू. सूर्याचे फोटो म्हणजे खरं तर तीन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करून घोळ घालतात. एक, समुद्रात बुडणारा लाल सूर्य. दोन, दिवसा फिल्टर लावून काढलेली सूर्याची चकती, डागांसकट. आणि तीन, सूर्य फ्रेममध्ये नसताना किंवा नुसता टिंबाएवढा असताना त्याने केलेलं आकाश. पहिल्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण आपल्याकडे तेच सोनं आहे.

तिथी बघा

भिंतीवरच्या कालनिर्णयात आजची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. हा कोळ्यांचा जुना हिशोब आहे. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसातून दोनदा भरती येते त्यामुळे हीच वेळ सकाळीही आणि संध्याकाळीही धरायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, अगदी नेमकं हवं असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाईलवर मिळतंच, पण हा हिशोब तोंडात बसला की वर्षभराचं नियोजन चालता चालता होतं.

याचा फोटोशी संबंध काय ते सांगतो. पौर्णिमा किंवा अमावास्येला भरती दुपारच्या आत होऊन गेलेली असते, म्हणजे साडेपाच-सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. समुद्र लांब गेलेला, आणि गणपतीपुळे, गुहागर, तारकर्ली अशा सपाट किनाऱ्यावर मागे ओल्या वाळूचा भलामोठा आरसा सोडलेला. आकाशाचा सगळा रंग खाली उतरतो. प्रतिपदा-द्वितीयेपर्यंत हा खेळ चालतो. मी वर्षातले माझे सगळ्यात आवडते फोटो या तीन-चार संध्याकाळी काढलेत. पौर्णिमेला तर पाठीमागे सह्याद्रीच्या बाजूने चंद्रही त्याच वेळी वर येत असतो, त्यामुळे मान दोन्हीकडे फिरवत राहावी लागते.

उलट अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी पाणी पायाशी असतं, पुळण अरुंद होते, तेव्हा आरसा विसरा आणि खडकावर आपटणाऱ्या लाटा घ्या.

दशमी-एकादशीची गोष्ट वेगळी आणि ती नीट वाचा. या दिवसांत भरती साडेसात ते सव्वाआठला असते, म्हणजे तुम्ही स्क्रीनमध्ये डोकं घालून उभे असता त्या वेळी पाणी चढत असतं. काही वर्षांपूर्वी एका दशमीला मी आरे-वारेच्या बाजूला एका कातळावर ट्रायपॉड लावून उभा होतो, समोर सूर्य पाण्याला टेकत होता, आणि माझ्या मागे जी घळ मी कोरड्या पायांनी ओलांडून आलो होतो ती भरत होती. मला कळलं तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. बॅग डोक्यावर धरून आलो, शेवाळावर पाय सरकला, कालवांच्या धारेने घोटा फाटला आणि ट्रायपॉड तिथेच राहिला. तेव्हापासून कातळावर जायचं असेल तर ओहोटीकडे जाणारी तिथीच निवडतो आणि चढत्या पाण्यात फक्त पुळणीवर किंवा वरच्या रस्त्यावर. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, खालच्या खडकांवर कुठल्याही तिथीला जाऊ नका. वरून काढा.

महिना बघा

सूर्य रोज त्याच जागी बुडत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या २०-२२ तारखेच्या आसपास तो अगदी पश्चिमेला मावळतो, जूनमध्ये आपल्या अक्षांशावर साधारण २४-२५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. म्हणजे वर्षभरात जवळपास ५० अंशांचा झोका. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते, तेव्हा पाच मुठी इकडून तिकडे. म्हणून एखादं दीपगृह किंवा किल्ल्याचा बुरूज आणि त्यामागे बरोब्बर सूर्य असं हवं असेल तर ते वर्षातून दोनदाच, काही दिवसच जमतं. रत्नदुर्गाचं दीपगृह, देवगडचा किल्ला, हर्णैहून दिसणारा सुवर्णदुर्ग, मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग, यातलं तुमच्या जवळचं जे असेल ते घ्या आणि कुठल्या महिन्यात कुठे उभं राहिलं तर सूर्य मागे येतो ते एकदा होकायंत्र घेऊन ठरवून ठेवा. फोनवर सूर्याची दिशा दाखवणारी ॲप फुकट मिळतात, तीही चांगली आहेत.

मुठीचा दुसरा उपयोग म्हणजे वेळ. क्षितिजावर मूठ ठेवली आणि सूर्य तिच्या वरच्या कडेला टेकला असेल तर आपल्याकडे मावळायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं आहेत असं समजायचं. हे करताना सूर्याकडे टक लावायची नाही, मूठ त्याच्या बाजूला धरायची.

हवेचं म्हणाल तर माझ्या मते सगळ्यात चांगला काळ पाऊस ओसरल्यावरचा, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. हवा धुतलेली असते आणि आकाशात ढगही शिल्लक असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र पण धुरकट, सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच फिका पडून धुरात विरतो, तेव्हा समुद्रात बुडणारा सूर्य मिळाला नाही म्हणून हिरमुसू नका, त्या धुरकटात सूर्य इतका मऊ होतो की फिल्टरशिवाय त्याची कडा नीट मिळते. मे महिन्यात मळभ, घाम आणि संध्याकाळचे उंच गडगडाटी ढग. पावसात दहातले आठ दिवस काही मिळत नाही, पण दोन दिवसांच्या झोडपणीनंतर पश्चिमेला ढगांखाली बोटभर फट उघडते आणि सूर्य त्या फटीत आला की दहा मिनिटं अख्खं आकाश खालून पेटतं. वर्षभरात एवढा रंग दुसऱ्या कुठल्या वेळी बघितला नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे या दिवसांत फ्रेममध्ये होडी येईल अशी फारशी आशा ठेवू नका.

किती मोठा सूर्य हवा

सूर्याची चकती आकाशात अर्ध्या अंशाची, हात लांब केला तर करंगळीच्या नखाच्या निम्मी. लेन्सच्या मिलिमीटरला ११० ने भागा, तेवढ्या मिलिमीटरचा सूर्य सेन्सरवर पडतो. फोनची मुख्य लेन्स २४-२६ मिमीच्या तोडीची, म्हणून त्यात सूर्य टिंबच येणार. ३०० ला पावणेतीन मिमी, ५०० ला साडेचार. फुल फ्रेम सेन्सर २४ मिमी उंच असतो, त्यावरून अंदाज येईल.

आणि हाच ११० चा आकडा उलटा वापरला की फार मजेशीर काम होतं. एखादी वस्तू सूर्याएवढी दिसावी असं वाटत असेल तर तिच्या उंचीच्या ११० पट लांब जाऊन उभं राहायचं. पावणेसहा फुटी माणूस असेल तर १९० मीटरवरून तो सूर्याच्या चकतीत डोक्यापासून पायांपर्यंत मावतो. दहा मीटरची होडी साधारण अकराशे मीटरवर. लोक होडीच्या जवळ जाऊन झूम करतात आणि मग सूर्य बारीक का येतो म्हणतात, तर उत्तर हे आहे: मागे जा, मग झूम करा.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. रत्नागिरीत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि जूनअखेर-जुलैत सव्वासातला, हा फरक लक्षात ठेवा नाहीतर धावपळ होते. पोचल्यावर पहिलं काम लेन्स पुसायचं. खाऱ्या वाऱ्याने अर्ध्या तासात काचेवर चिकट थर बसतो आणि मग सूर्याभोवती तो धूसर पसारा दिसतो ना, तो बऱ्याचदा आकाशातला नसून तुमच्या काचेवरच्या मिठाचा असतो. शर्टाने पुसू नका, मिठाचे कण काच ओरखडतात. आधी रबरी ब्लोअरने फुंकर, मग मायक्रोफायबरचं ओलसर टोक, मग कोरडं. फोनचंही तसंच.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) एफ ८, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) डेलाइटवर पक्का. ऑटो ठेवलात तर कॅमेरा संध्याकाळचा केशरी रंग चूक समजून धुऊन टाकतो. शक्य असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल, घ्या. ट्रायपॉडवर असाल तर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद आणि दोन सेकंदांचा टायमर. फोकस लांबच्या होडीवर किंवा क्षितिजावर करून मग मॅन्युअलला टाकायचा म्हणजे तो हलणार नाही.

आता भाच्याचं पांढरं भोक. फोन किंवा कॅमेरा पूर्ण फ्रेमचा प्रकाश मोजून सरासरी काढतो, आणि फ्रेममध्ये खाली काळा समुद्र, काळा कातळ असला की तो म्हणतो अंधार आहे, उजळ करू या. त्यात सूर्य करपतो. म्हणून मोजमाप सूर्याच्या बाजूच्या उजळ आकाशावर घ्यायचं, जमीन काळी पडली तर पडू द्यायची. फोनवर: सूर्याच्या शेजारी आकाशावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक झालं असं दिसलं की शेजारचा सूर्याचा आयकॉन खाली ओढा, इतका की सूर्याची कडा गोल दिसायला लागेल. बऱ्याच फोनमध्ये दोन-तीनपट झूमची वेगळी लेन्स असते ती वापरा, त्यापुढचं बोटांनी ताणलेलं झूम नको. भाच्याला दुसऱ्या दिवशी हे एवढंच दाखवलं आणि त्याचा पहिला गोल सूर्य मिळाला.

कॅमेऱ्यावर आकडे हवेप्रमाणे फार बदलतात, पण सुरुवात कुठून करायची ते सांगतो. सूर्य मूठभर वर असताना झूम लेन्स बाहेरच काढू नका, रुंद लेन्सने एफ १६ वर माडाच्या खोडाआडून सूर्य अर्धवट काढला तर त्याच्या टोकदार किरणांचा तारा येतो, तो घ्या. सूर्य दोन-तीन बोटं उरला आणि लाल व्हायला लागला की झूम, शटर १/४००० सेकंदापासून, स्क्रीनवर करपलेला भाग लुकलुकतो ती सेटिंग चालू ठेवून एकेक पायरी हळू करत यायचं. धुरकट दिवशी १/५०० लाही सूर्य शाबूत राहतो, ऑक्टोबरच्या स्वच्छ हवेत १/४००० लाही करपतो. करपतच असेल तर हट्ट सोडा आणि थांबा, खाली येईल तसा मऊ होईल.

खालची कडा पाण्याला टेकल्यापासून वरची कडा बुडेपर्यंत तुमच्याकडे फक्त दोन-सव्वादोन मिनिटं असतात. या वेळात सेटिंगशी खेळत बसलात तर गेलं. दर पाच सेकंदांना एक फोटो, आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी शटर एक पायरी हळू. मी तोंडाने आकडे मोजतो, त्यामुळे हात आपोआप चालतो.

या दोन मिनिटांत जे घडतं ते जवळून बघण्यासारखं आहे. खालच्या हवेतून येताना प्रकाश वाकतो, साधारण सूर्याच्या एका चकतीएवढा, म्हणजे तो पाण्याला टेकलेला दिसतो तेव्हा प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेलाच असतो. खालची कडा जास्त उचलली जाते म्हणून गोळा चपटा होतो, भाकरीसारखा. आणि समुद्राचं पाणी वरच्या हवेपेक्षा गरम असेल तर मृगजळ होतं: पाण्यातून दुसरा सूर्य वर येऊन पहिल्याला भेटतो, दोघांमध्ये मान तयार होते आणि अख्खा आकार पाणी भरायच्या कळशीसारखा दिसतो. देवघळीला, कशेळीजवळ, एका नोव्हेंबरच्या संध्याकाळी मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं, ३०० मिमीवर. कळशीचं बूड रुंद होत गेलं, मान जाड झाली, मग दोन्ही कडा आत दुमडल्या आणि वर नुसती लाल रेघ उरली, ती दोन्ही टोकांकडून आक्रसत टिंब झाली आणि त्या टिंबाच्या शेवटच्या क्षणी हिरवी. एखादा सेकंद असेल. याला हिरवी चमक म्हणतात, हवेने लोलकासारखे रंग वेगळे केल्यामुळे ती दिसते, आणि त्यासाठी क्षितिज धारदार लागतं, म्हणून जिथे पाणी आणि आकाश यातली रेघ स्पष्ट दिसतेय अशाच दिवशी तिची वाट बघा. स्क्रीनवर बघा, आणि शेवटच्या दहा सेकंदांत बर्स्टवर (सलग फोटोंवर) ठेवून बटण सोडूच नका.

त्याच कशेळीत कनकादित्याचं, म्हणजे सूर्याचं देऊळ आहे आणि रथसप्तमीला तिथे मोठा उत्सव असतो. दर्शन घ्यायचं आणि मग देवघळीला सूर्यास्ताला जायचं, असा दिवस एकदा जरूर करा.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं समोर असतील तर त्यांच्या काळ्या आकृत्या सूर्यासमोर फार सुंदर येतात, पण आधी विचारा. "काका, फोटो काढू का, तोंड दिसणार नाही" एवढं म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात, आणि दोर ओढायला हात लावलात तर मासे सुद्धा मिळतात.

सूर्य बुडाला तरी थांबा

सूर्य गेला की लोक गाड्यांना किल्ली लावतात, आणि खरा रंग पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत येतो. उंचावरचे पिसासारखे ढग अजून उन्हात असतात, आपण सावलीत, त्यामुळे ते खालून उजळतात, आधी पिवळे, मग केशरी, मग गुलाबी. आता शटर हळू होत जाणार, १/६० पासून सेकंदांपर्यंत, त्यामुळे ट्रायपॉड हवाच, नसेल तर वाळूने भरलेली पिशवी आणि तिच्यावर कॅमेरा. अर्धा-एक सेकंद ठेवलात तर ओल्या वाळूवरून परतणारं पाणी रेशमासारखं येतं.

आणि पूर्वेला वळा. किनाऱ्यापेक्षा हे सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, छान दिसतं, कातळ मोकळा असतो, झाडी आडवी येत नाही. सूर्यास्तानंतर पाच-दहा मिनिटांत सह्याद्रीच्या वर एक निळसर करडी पट्टी उठते आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. ती करडी पट्टी म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. दर स्वच्छ संध्याकाळी ती तिथे असते आणि आयुष्यभर कोकणात राहिलेल्या माणसांनी ती पाहिलेली नसते, याचं मला वाईट वाटतं, म्हणून मी भेटेल त्याला खांदा धरून वळवून दाखवतो. फोटोसाठी फोन पुरे, रुंद पट्टा हवा, एक्सपोजर थोडं कमी.

सकाळचं थोडक्यात: आपल्याकडे सूर्य समुद्रातून उगवत नाही, डोंगरामागून येतो, त्यामुळे सकाळी किनारा सोडा आणि खाडी धरा. हिवाळ्यात पहाटे खाडीवर धुकं असतं आणि सूर्य डोंगरावरून येईपर्यंत ते टिकतं.

दिवसा: खळं आणि शून्य सावली

पातळ पांढरा पडदा आकाशभर पसरला की सूर्याभोवती खळं पडतं का बघा. वरच्या ढगातल्या बर्फाच्या सहाकोनी कणांमुळे सूर्यापासून २२ अंशांवर ते कडं होतं, म्हणजे एकूण रुंदी ४४ अंश. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ते जेमतेम मावतं, सूर्य बरोब्बर मध्ये ठेवावा लागतो. सूर्य स्वतः विजेच्या खांबाआड किंवा माडाच्या शेंड्याआड लपवा, मग कडं उठून दिसतं आणि डोळेही वाचतात.

रत्नागिरीच्या आसपास मेच्या ८-९ तारखेला आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मालवणला मेमध्ये चार दिवस आधी, अलिबागला साधारण सहा दिवस नंतर. सरळ उभ्या बाटलीचा वरून काढलेला फोटो, दर पाच मिनिटांनी एक, मुलांना घेऊन करायला फार चांगला आहे.

फिल्टर लावून चकती

सूर्यावरचे डाग टिपायचे तर लेन्सच्या पुढे सोलर फिल्टर लागतो. पुढे, मागे कधीच नाही. मी बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर फिल्म वापरतो, ओडी ५ ची, म्हणजे लाखात एक भाग प्रकाश आत येतो. ओडी ३.८ ची फिल्म फक्त फोटोसाठी असते, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही, मागवताना आकडा वाचून घ्या. एकदा मी एका विक्रेत्याकडून तयार फिल्टर मागवला होता, घरी आल्यावर दिव्यासमोर धरला तर काळ्यावर चांदण्यांसारखी बारीक भोकं. परत पाठवला. तुम्हीही दर वेळी लावण्याआधी बल्बसमोर धरून बघा, एक जरी भोक दिसलं तरी तो फिल्टर बाद.

बनवायची पद्धत: लेन्सच्या हूडभोवती एक कागद गुंडाळा, त्यावर मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चार बोटं रुंद पट्टी दोन-तीन वेढे घट्ट घेऊन चिकटवा, म्हणजे टोपीसारखं कडं झालं. आता आतला कागद काढला की कडं हलक्या हाताने सरकतं. जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, मध्ये लेन्सएवढं भोक, एकीवर दुहेरी टेप लावा, फिल्म टेबलावर स्वच्छ कागदावर सपाट ठेवून चकती तिच्यावर अलगद टेकवा, वरून दुसरी चकती. फिल्म ताणायची नाही. सुरकुत्या राहिल्या तरी फोटोवर परिणाम होत नाही, ताणली तर होतो. मग चकत्या कड्यावर चिकटवा आणि वापरताना तीन बाजूंनी मास्किंग टेप लावून लेन्सला बांधा, कारण आपल्या किनाऱ्यावरचा वारा ती टोपी उडवतो आणि त्या क्षणी डोळा किंवा सेन्सर उघडा पडतो.

फिल्टर लावला की स्क्रीन काळी ठिक्कर, सूर्य सापडत नाही. तेव्हा जमिनीवर लेन्सची सावली बघा, ती जास्तीत जास्त आखूड आणि गोल झाली की लेन्स सूर्याकडे रोखलेली आहे. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून डोक्यावरून पंचा घ्यायचा. आयएसओ १००, एफ ८, १/४०० पासून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पायऱ्या काढून ठेवा. फोकस सूर्याच्या कडेवर, स्क्रीन दहापट मोठी करून. सकाळी आठ-नऊला काढा, दुपारी तापलेल्या कातळावरची हवा थरथरते आणि डाग पुसट होतात.

डागांचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं आणि चालू चक्राचा जोर २०२४ च्या सुमाराला शिगेला पोचला. रोज एकाच वेळी फोटो काढलात तर आठवड्याभरात डाग सरकताना दिसतो, कारण आपल्याला सूर्य साधारण २७ दिवसांत स्वतःभोवती फिरताना दिसतो. कोडाईकनालच्या वेधशाळेत शंभराहून जास्त वर्षं रोज सूर्याचे फोटो काढत आलेत. आपण घरच्या गच्चीवरून पंधरा दिवस काढले तरी फिरणारा सूर्य हातात येतो.

ग्रहणाला हीच टोपी कामाला येते. २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीतच, आपल्याकडे सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला, ग्रस्तास्त, आणि किनाऱ्यावरून समुद्रात बुडणारा खाल्लेला सूर्य बघायला मिळाला. पुढे २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे आणि पश्चिम भारतातून संध्याकाळी खंडग्रास दिसेल, पण ऑगस्ट आहे, ढगांची फट मिळेल तेवढीच. ग्रहणाचं नाव निघालं की मला विजयदुर्ग आठवतो. तिथे किल्ल्यात साहेबाचे ओटे म्हणून चौथरे दाखवतात, ते १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी जोडलेले आहेत. त्या ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली, फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होते, आणि त्याच वर्षी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी इंग्लंडमधून ती रेघ पाहून पुढे त्या मूलद्रव्याला हेलियम नाव दिलं. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये. त्या ओट्यांवर उभं राहून सूर्यास्त काढताना हे माहीत असलेलं बरं.

घरी आल्यावर

एडिटिंगमध्ये मी फार काही करत नाही. करपलेला भाग जरा खाली, क्षितिज सरळ, रंग वाढवायचा मोह आवरायचा, कारण सॅच्युरेशन ओढलं की लाल सूर्य सपाट टिकलीसारखा होतो आणि कडेवरची नाजूक छटा जाते. आकाशात त्याच त्याच जागी राखाडी ठिपके दिसत असतील तर ती सेन्सरवरची धूळ आहे, एफ १६ ला ती जास्त दिसते.

कॅमेरा ओल्या पण पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा, मग कोरड्याने, ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी धरते आणि ती एकदा काचेवर बसली की खूण ठेवूनच जाते, म्हणून रबर लावलेल्या झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. रंग बदलणारं जेल बदललं की मंद तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतं, तो तवा मात्र स्वयंपाकाचा नको.

आणि एक वही ठेवा. तारीख, तिथी, जागा, भरती की ओहोटी, हवा स्वच्छ की धुरकट, सूर्य कुठल्या खुणेमागे बुडाला आणि कुठल्या शटरला कडा शाबूत राहिली, एवढंच. माझ्या वहीत भाट्याच्या पानावर कार्तिक वद्य प्रतिपदेसमोर लिहिलंय: ओहोटी, आरसा चांगला, धुरकट, १/१०००, सूर्य दीपगृहाच्या बराच डावीकडे.